पावणेतीनच्या बांगड्या

शुक्रवार सकाळ. हजर: मी, सातव्या महिन्यातली सूनबाई मानसी आणि डोहाळजेवणाचा हिरवा चुडा भरायला घरी आलेले कासारमामा.

मामा बांगडी चढवता चढवता थांबले. "मागच्या आठवड्यात अडीचचं माप होतं. आज पावणेतीनचीही अडकतेय."

"अहो, या दिवसांत सूज येतेच," मी हसले आणि यादीत लिहिलं, मोठ्या बांगड्या.

मानसी हळूच म्हणाली, "आई, दोन दिवस डोकंही दुखतंय."

"कार्यक्रम होऊ दे, मग झोप."

मामांनी पेटी मिटली. "ताई, पाय सुजतात, ते सगळ्याच सांगतात. हात असे एकदम फुगत नाहीत. आधी डॉक्टर, मग चुडा."

रक्तदाब फार वाढलेला निघाला. आता ती दवाखान्यात देखरेखीखाली आहे. बाळाचे ठोके ठीक आहेत.

माझ्या यादीत फुलांच्या वाडीपासून पानाच्या विड्यापर्यंत सगळं होतं. माझ्या बाळंतपणाच्या वेळी पाय सुजले आणि सूज आपोआप उतरली, म्हणून तिचंही तसंच असेल असं मी धरून चालले. हातात हात घेऊन पाहिलं ते कासाराने.

यादीतल्या बाकी ओळींवर रेघ मारली. शेवटी नव्याने लिहिलेली 'मानसीची माफी' तेवढी उरली आहे. रोज डबा घेऊन जाते आणि नुसता डबा देऊन परत येते.