हिरवे टोमॅटो

स्पेनमध्ये माझ्या मुलीच्या घरासमोर मोटारहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या, उभ्या करायचं मैदान आहे. तिथला म्हातारा इंग्रज आज कुंड्यांतले टोमॅटो हिरवेच तोडत होता. इथेच राहायचं म्हणून त्यानं इंग्लंडमधलं घर विकलं. पण त्यांचा देश युरोपीय संघातून बाहेर पडला, आणि आता त्यांच्या लोकांना तीन महिने युरोपात राहिलं की तीन महिने बाहेर काढावे लागतात. सीमेवर पासपोर्टातले शिक्के तपासतात.

“थोडे पिकू द्यायचे,” मी म्हणाले.

“ते पिकेपर्यंत मला राहू देणार नाहीत,” म्हणत त्यानं पिशवी भरून दिली.

मी दाण्याचं कूट घालून चटणी केली. व्हिसा माझाही संपत आलाय, पण मला परतायला घर आहे. त्याचं घर चाकांवर; कुठेही जाईल, पण रमलं तिथे थांबू शकणार नाही.

चटणी द्यायला गेले, तर तो निघून गेला होता. कुंड्या तिथेच होत्या, माती काढून पालथ्या घातलेल्या.