पूजेला बसलेलं टोपण

कलावतीबाईंबद्दल सांगायचं तर आधी माझी चूक सांगावी लागते.

पंच्याण्णव साल. डोंबिवलीत मानपाड्याला आमचा पंपांचे सुटे भाग बनवायचा कारखाना. मी शकू, ऑफिसात कम्प्युटरवर चलनं काढायचे. कलावतीबाई झाडलोट करायच्या, चहा करायच्या आणि सगळ्यांना दम द्यायच्या. "शकूताई, डबा अर्धा परत न्याल तर चहा मिळणार नाही." नवरा घरी बसलेला, दोन मुली शाळेत. घर त्यांच्याच जिवावर चालायचं, पण रडगाणं कधी नाही.

खंडेनवमीला सगळ्यांनी आपापलं हत्यार पूजेला ठेवलं. लेथवाल्यांनी पाने-पकडी, अकाउंटवाल्यांनी पेनं. आमच्या कम्प्युटरच्या खोलीचा नेहमीप्रमाणे विसर. माझं टाळकं सटकलं. "कलावतीबाई, आमचंही ठेवा हो काहीतरी," असं फणकाऱ्याने म्हटलं आणि सरळ घरी गेले.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो, तर चारही कम्प्युटरचं एकमेकांशी बोलणं बंद. दारात माल भरलेला ट्रक उभा आणि चलन काही निघेना. नौपाड्याहून इंजिनिअर आला. एकेक नेटवर्क कार्ड काढलं, पुसलं, बदललं. दुपारपर्यंत हेच. मग म्हणाला, "कोणीतरी ओलं फडकं मारलंय. कार्ड गेलंय."

मालक भडकले. "कलावती, उद्यापासून येऊ नकोस."

"ओलं नव्हतं, साहेब," बाई म्हणाल्या. "सुक्यानंच पुसलं. मागचं टोपण तेवढं काढून पूजेला ठेवलं. त्याला वायरबियर काही नव्हती."

इंजिनिअर उठून पूजेच्या जागेकडे पळालाच. झेंडूच्या फुलांत, कुंकू लावलेलं, आमचं टोपण ऐटीत बसलं होतं. केबलच्या शेवटच्या टोकाला ते नसलं की सगळीच मशिनं मुकी होतात म्हणे. आणि हा शहाणा सकाळपासून कार्डंच पुसत बसलेला. टोपण लावलं, चलन निघालं, ट्रक गेला.

मालकांचा पारा काही उतरला नव्हता. "पण काढायला सांगितलं कोणी?"

"कोणी नाही. माझंच डोकं," बाई म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी सांगितलं, साहेब," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच. "काढायचंच तर मला काढा."

मालकांनी आम्हा दोघींकडे बघितलं, मग मान खाली घालून बॅग भरणाऱ्या इंजिनिअरकडे. "कलावतीबाई, चहा टाका," एवढंच म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

मला वाटलं, बाई आता डोळे पुसतील. कसलं काय! स्टोव्ह पेटवता पेटवता माझ्यावरच उखडल्या. "तुम्ही कशाला मध्ये पडलात? मला चार घरची कामं मिळाली असती. तुम्हाला कोण ठेवणार? साधा चहा येत नाही."

त्या दिवशी माझ्या डब्यात अर्धी भेंडी तशीच राहिलेली. बाईंनी डबा उघडून बघितला, झाकण लावलं, आणि माझा कप काठोकाठ भरला.