विकायला नसलेली स्मरणिका

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चांगलं नाही आणि अक्षर त्याहून वाईट आहे. चौथीनंतर शाळा सुटली. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे तेव्हाही कळत नव्हतं, आता तर विचारायलाही लाज वाटते. हे कोणाला दाखवणार नाही. तरी चुकून कोणाच्या हातात पडलं तर माफ करा.

मी भाईंदरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला आहे. पुस्तकं पुसायची, मुलांनी टेबलावर टाकलेली उचलून जागच्या जागी लावायची, झाडलोट करायची. पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर वाचता आला की या कामाला पुरतं. आतल्या खोलीत ग्रंथपाल व्हायला शिकणाऱ्या मुलामुलींचा वर्ग भरतो. मॅडम शिकवतात तेव्हा मी शेजारची कपाटं पुसते. दार उघडं असतं, त्यामुळे ऐकू येतं.

एकदा मॅडमनी ग्रे लिटरेचर शिकवलं. ग्रे म्हणजे करडं. आधी मला वाटलं, जुनं होऊन रंग गेलेल्या पुस्तकांबद्दल असेल. तसं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "छापलेलं असतं, लोक वाचतात, पण दुकानात विकत मिळत नाही, असं सगळं. संस्थेचा अहवाल, मंडळाची स्मरणिका, एखाद्या खात्याचं माहितीपत्रक. चार दिवस वाटतात, मग कुठेच सापडत नाही. म्हणून ते जमवायला आधी माणसं शोधावी लागतात."

दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने असं काहीतरी घेऊन यायचं होतं. एका मुलाने पिझ्झाच्या दुकानाचं पत्रक आणलं.

"मॅडम, हे पण विकायला नाही."

"पिझ्झा आहे ना विकायला?" मॅडम म्हणाल्या. सगळे हसले. "पण ठेव. पुढे कोणाला तरी आजचे भाव बघायचे असतील."

मग त्यांनी दारातून मला हाक मारली. "ताई, तुमच्या गावात मच्छीमारांची सोसायटी आहे ना? तिची एखादी स्मरणिका मिळेल का कोणाकडे?"

एवढी डोकी माझ्याकडे वळल्यावर मला नाही म्हणता आलं नाही. मी मान हलवली, आणि संध्याकाळपर्यंत का हलवली म्हणून स्वतःला बोलत राहिले. मला कोणाकडे काही मागता येत नाही. वाण्याने सुटे पैसे कमी दिले तरी मी तशीच घरी येते.

स्मरणिका आमच्या आबांकडे होती. आबा म्हणजे माझे चुलत सासरे. सोसायटीची इमारत झाली तेव्हा ती काढली होती. आत एका पानावर बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांचा फोटो आहे, त्यात आबांची बायको आहे. ती आता नाही. लग्नात तिचा फोटो काढलेलाच नव्हता आणि आधार कार्डावरचा बघून आबा म्हणतात, ही कोन बाई? हसतानाचा फोटो तेवढा एकच, त्या स्मरणिकेतला.

मी बराच वेळ आबांच्या ओट्यावर बसून राहिले. शेवटी आबाच म्हणाले, "काय पायजे ते बोल ना गो. जेवाया थांबनार हाय का?"

मी सांगितलं. त्यांनी ट्रंक उघडून प्लॅस्टिकच्या पिशवीतली स्मरणिका काढली. पण लगेच दिली नाही.

"कालेजात कशाला पायजे?"

"मुलं शिकणार त्याच्यावरून. मशीनवर तिच्या पानांची झेरॉक्स काढून घेतील, मग परत."

"ने. पर दुसरी न्हाय माझ्याकडं. तू आनून देशील?"

"मी आणून देईन," मी म्हणाले. आयुष्यात असा शब्द मी फार कमी वेळा दिला आहे.

मॅडमनी ती मुलांना हाताळायला दिली. कोणी काढली, कधी, आत काय आहे, कोणाकडून मिळाली, हे कार्डावर कसं लिहायचं ते दाखवलं. एका मुलाने शिक्का उचलला तेव्हा त्याला थांबवलं. "दुसऱ्याची वस्तू आहे. तिच्यावर आपला शिक्का मारायचा नाही." झेरॉक्सचं मशीन नेमकं बिघडलेलं होतं. म्हणून वर्गातल्या एका मुलीने स्मरणिका आणि बाकीचे मागून आणलेले कागद धुळीपासून जपायला वर्तमानपत्रात नीट गुंडाळले, सुतळी बांधली आणि कपाटावर ठेवले.

आमच्या ग्रंथालयात शिपाईकाका रद्दी काढतात. त्यांचा नियम पक्का आहे. ज्यावर शिक्का ते ग्रंथालयाचं, ज्यावर नाही ती रद्दी. या नियमामुळे आजपर्यंत एकही पुस्तक चुकून गेलं नाही. त्या शनिवारी मला सुट्टी होती. काकांनी गठ्ठा सोडला, एकेक कागद उलटून पाहिला, कशावरच शिक्का नाही. परत बांधून रद्दीवाल्याला दिला.

सोमवारी मी कपाटावरून फडकं फिरवलं तर जागा रिकामी. मला आधी आबांचा आवाज ऐकू आला, तू आनून देशील?

काका कपाळावर हात मारून बसले. "अहो, मी बघितलं होतं हो! शिक्का असता तर हात लावला असता का?" मॅडम परीक्षेच्या कामाला बाहेर गेल्या होत्या. गठ्ठा बांधलेली ती मुलगी रडायला लागली. रद्दीवाला म्हणाला, माल काशीमीऱ्याला गोडाऊनला गेला, आज उद्या पुढे कागदाच्या मिलला जाईल. मी तिला म्हटलं, "चल." एरवी मी कोणाला चल म्हणत नाही.

रिक्षाने गेलो. गोडाऊनमध्ये छतापर्यंत गठ्ठे होते. मुलगी म्हणाली, "भैया, हमारी एक किताब आयी है ग़लती से."

गोडाऊनवाला मागे न बघता म्हणाला, "यहाँ सब किताब ही है, मैडम."

शनिवारचा भाईंदरचा माल मशीनवर दाबून, पट्ट्या मारून तयार होता. ते गठ्ठे सोडायचे तर पुन्हा दाबायची मजुरी लागणार, आणि ती त्याला आधी रोख हवी होती. मुलीच्या मोबाईलमध्ये थोडेच पैसे होते. माझ्याकडे गॅस सिलिंडरचे होते, त्या दिवशी यायचा होता म्हणून. मी कमरेची पिशवी सोडून ते त्याच्या हातावर ठेवले. तो मोजेपर्यंत मुलगी माझ्याकडे बघत होती. "मावशी, मी देईन परत. सगळे."

"आधी शोध," मी म्हटलं.

"गुजराती पेपरात बांधलं होतं," ती म्हणाली. भाईंदरच्या रद्दीत गुजराती पेपर किती असतात ते त्या दिवशी कळलं. आम्ही दोघी खाली बसून उपसत राहिलो. गोडाऊनवाल्याला शेवटी दया आली की कंटाळा आला कोण जाणे, तोही उपसायला लागला. तिसऱ्या गठ्ठ्यात तिची सुतळी सापडली. पिझ्झाचं पत्रकही सुखरूप होतं. स्मरणिकेला मात्र मधोमध घडी पडली होती. बोंबलांच्या पानावर मुलीने हात फिरवून फिरवून ती सपाट केली. घडी बायकांच्या पायांवरून गेली होती, तोंडं तशीच होती.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी बाहेरून झेरॉक्स काढून आणली आणि स्मरणिका माझ्या हातात दिली. रागावल्या कोणालाच नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माझा नियम बरोबर, काकांचाही बरोबर. दोघांनी एकमेकांना सांगितला नाही." तेव्हापासून मागून आणलेले कागद लाल कापडाच्या रुमालात बांधतात आणि वर 'परत द्यायचे आहे' अशी चिठ्ठी असते. नव्या मुलांना ग्रे लिटरेचर शिकवताना मॅडम हा रुमाल आधी दाखवतात.

आबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकता ऐकताच फोटोचं पान काढलं. "ही हाय ना? मंग झालं." मग म्हणाले, "घडी पारली तुमी. आता परत मागाया आलीस तं फक्त चा मिलंल."

पैशांचं मात्र लांबलं. मॅडमनी ऑफिसात अर्ज केला. क्लार्क म्हणाला, बिल कुठे आहे? आणि आपलीच रद्दी आपणच विकत घेतली हे कुठल्या खात्यात टाकू? मॅडम स्वतःचे द्यायला निघाल्या, काकाही पाकीट काढू लागले. मुलीने दोघांनाही अडवलं. "पेपरात मी गुंडाळलं होतं." सिलिंडर त्या महिन्यात उशिरा आला, चूल शेजारणीकडे पेटवली. ती शिकवण्या घ्यायची, त्यातून जमेल तसे आणून द्यायची. कधी महिना कोरडा जायचा, तेव्हा ती मला टाळायची आणि मी तिला टाळायचे, तिला वाईट वाटू नये म्हणून.

परीक्षा झाली, वर्ग संपला. पुढे ती आली नाही. मी मनात म्हटलं, राहू दे, थोडेच राहिलेत.

परवा दुपारी ती आली. ठाण्याला एका ग्रंथालयात लागली आहे, घोडबंदरच्या रस्त्याने बसने जाते म्हणाली. पहिल्या पगाराचे पेढे मॅडमना दिले, काकांना दिले. मग मला कपाटाच्या आडोशाला घेऊन गेली आणि नोटा माझ्या मुठीत ठेवल्या.

"मोजा ना, मावशी."

"असू दे गं."

"नाही, मोजा. माझ्यासमोर."

मी मोजल्या. बरोबर होत्या.