बेटावरचा स्टेशनमास्तर

मावशी पुस्तक उघडण्याआधी त्याचा वास घेते. खूण म्हणून पानात उरलेली झिप घालते. मालिकेतला माणूस खोटं बोलू लागला की शिलाई मशीनचं चाक तळहातानं थांबवते. खलनायक पडद्यावर आला की आधी त्याच्या कोटाचा खांदा बघते आणि म्हणते, "उतरलाय. मला वाटलंच." माप घेता घेता गिऱ्हाइकाला गोष्ट सांगते. एखाद्यानं ती वाचलेली निघाली तर दम देते, "पुढचं बोललात तर बाही आखूड करीन."

दुकानाच्या वरच्या खोलीत साहित्याची पदवी घेतलेली एक मुलगी राहते. मावशी तिला पदवी म्हणूनच हाक मारते. पहिल्यांदा ती फाटकी पिशवी शिवायला आली, तेव्हा मावशीनं नुकतीच एक कादंबरी संपवली होती. कशी वाटली, असं पदवीनं विचारलं.

"मधे सैल आहे. कमरेत दोन बोटं आत घ्यायला हवी होती. पण घेर काय सुंदर सोडलाय!"

पदवीनं त्याच कादंबरीवर चाळीस पानी निबंध लिहिला होता. त्यात हे कुठेच नव्हतं. ती पिशवी तिथेच विसरून वर गेली.

मग मावशीच्या थोरल्या बहिणीच्या डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशन झालं. पंधरा दिवस पालथं पडून राहायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. टीव्ही नाही, वाचन नाही. ताई म्हणजे दिवसाला तीन मालिका बघणारी बाई. तिसऱ्याच दिवशी ती उशीत तोंड खुपसून म्हणाली, "मी उताणी होते. जाऊ दे तो डोळा."

"थांब गं," मावशी म्हणाली. "मी बघते आणि तुला सांगते."

तेव्हा सगळे एक परदेशी मालिका बघत होते. एका बेटावरचं हॉटेल, हॉटेलची विधवा मालकीण, तिचा तिरसट आचारी. भाषा कळत नाही. संवाद खाली मराठीत येतात, ते वाचावे लागतात. मावशी दुकानात बघायची, पण हातात तुरपाई असायची. तुरपाईवरून नजर उचलेपर्यंत चार ओळी निघून जात. रात्री पदवीनं दिलेलं पुस्तक वाचायची. मग दुपारी चारला ताईच्या पलंगाशी बसून ती दिवसाचा भाग सांगायची. ताईची पाठ ऐकायची. कधी पाठ हसून हलायची, कधी ताठ व्हायची. उताणं होण्याची भाषा बंद झाली.

बाराव्या दिवशी पदवी सोबत आली. तिनंही ती मालिका पाहिली होती.

"पदवी, तू सांग," उशीतून आवाज आला. "तो स्टेशनमास्तर मालकिणीला लग्नाचं विचारील का गं? इतक्या प्रेमानं मधमाश्या पाळणारा माणूस फसवा नसतो."

पदवीनं मावशीकडे पाहिलं. मावशी निर्धास्त चहा गाळत होती.

जिन्यात पदवीनं विचारलं, "मावशी, कुठला स्टेशनमास्तर?"

"अगं, तो नाही का, पोळ्यांना गाणी म्हणून दाखवतो तो."

"तो मी दिलेल्या पुस्तकातला आहे. मालिकेत बेट आहे. बेटावर रेल्वे नाही."

मावशी पायरीवर बसली. आधी हसली. इतकी हसली, की शेजारच्या दारातून कोणीतरी काय झालं म्हणून डोकावलं. रात्री वाचलेलं आणि दुपारी पाहिलेलं तिच्या डोक्यात कधी एकमेकांना जोडलं गेलं, तिला कळलंच नव्हतं. शिवण दिसतच नव्हती. मग हसू एकदम थांबलं.

"गुरुवारी ताई उठणार. शेवटचा भाग ती स्वतः बघणार."

लहानपणी मावशीनं ताईचा नवा झगा इस्त्रीनं जाळला होता आणि नाव मांजराचं घेतलं होतं. इस्त्री करणारं मांजर ताईला पटलं नाही. तिनं दोन वर्षं अबोला धरला. झग्याचं दुःख तिला नव्हतं, थापेचं होतं. आता दोघींना दोघीच उरल्या होत्या. या वयात दोन वर्षं परवडणार नव्हती.

"आधीच सांगून टाका," पदवी म्हणाली.

"पालथ्या माणसाला कसं सांगू? रागानं वळली तर डोळा जाईल."

गुरुवारी ताई खुर्चीत बसली, शेजारी पदवी. एका डोळ्यावर झाकण, दुसरा टीव्हीवर रोखलेला. मावशीनं मुद्दाम एका गिऱ्हाइकाची पँट आणली होती. खाली मान घालायला कारण हवं होतं. तिनं उजव्या पायाची तुरपाई सुरू केली. भाग सुरू झाला. हॉटेल आलं. समुद्र आला. आचारी आला.

"हा जिवंत कसा?" ताई म्हणाली.

उजवा पाय पूर्ण झाला. ताईनं रिमोट दाबून चित्र थांबवलं.

"स्टेशनमास्तर कुठाय?"

"रजेवर असेल," पदवी पुटपुटली.

"तू गप."

मावशीनं सुई कापडात टोचून ठेवली. "ताई, तो यात नाहीच. तो पुस्तकातला. माझ्या हातून दोन्ही एकत्र शिवलं गेलं. शपथ, मला माहीत नव्हतं."

"मधमाश्या?"

"पुस्तकातल्या."

"बेटावरची गाडी?"

"कशातलीच नाही. स्टेशनमास्तर आहे म्हटल्यावर गाडी लागणारच ना?"

"आणि हा आचारी? तू याला दुसऱ्याच भागात बुडवलंस!"

"ते मात्र माहीत असून," मावशी खालच्या आवाजात म्हणाली. "मला तो आवडत नव्हता."

ताईनं पडद्यावरच्या आचाऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मलाही नाही आवडला," ताई म्हणाली. तिनं टीव्ही बंद केला, उठली, पलंगावर गेली आणि कोणी न सांगता पालथी पडली.

"अगं, डॉक्टरांनी आता उठायला सांगितलंय!"

"मला असंच नीट दिसतं. त्यानं तिला विचारलं की नाही?"

मावशीला शेवट माहीत नव्हता. पुस्तकाची साठ पानं राहिली होती आणि त्यात विधवा नव्हतीच. तिनं स्टूल पलंगाशी ओढलं. "तर काय झालं," ती म्हणाली, "गाडी त्या दिवशी उशिरा आली."

पँट अजून ताईच्या खुर्चीवर आहे. उजवा पाय शिवलेला. डाव्याला टाचण्या. गिऱ्हाईक दोनदा दुकानात येऊन गेलं. पहिल्या वेळी मावशीनं त्याला पँटीऐवजी गोष्ट दिली. दुसऱ्यांदा त्यानं पँटीचं काही विचारलं नाही. गाडी पोचली का, एवढंच विचारलं.