जांभळाभोवतीचा गोल

मी सुपरवायझर असताना बांधकामाच्या जागेवर चुन्याची फक्की मारायला एक मजूर यायचा. पायाच्या रेघा आखण्याआधी राखायच्या झाडांभोवती गोल काढायचा आणि जेसीबीवाल्याला दरडावायचा, "पावणं, गोलात दात लावायचा न्हाय!" स्वतःही कधी गोलात पाय ठेवत नसे.

कळंब्याजवळच्या साइटवर ट्रक वळेना, म्हणून मी जांभळाभोवतीचा गोल चपलेनं पुसला. झाड गेलं. संध्याकाळी मालक भडकले, तेव्हा मी म्हणालो, "यानं गोल काढलाच नव्हता."

तो माझ्या चुन्यानं माखलेल्या चपलांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "व्हय सायेब, इसरलो असंन." त्याचं काम गेलं.

तो विसरला नव्हता. नेहमीसारखाच, मुळांना जागा सोडून, त्यानं गोल काढला होता.