सहा नंबरच्या खोलीची खिडकी

गाडी बदनापूर स्टेशन सोडून गेली, की हिरवी झेंडी काठीला गुंडाळता गुंडाळता मामा विचारायचे, "मंग, सुट्टीत कुठं चालले?" समोरचा तिरुपती म्हणो नाहीतर महाबळेश्वर, यांचा सल्ला ठरलेला. "आधी खोलीची खिडकी बघा. बाकीचं मंग."

तुमच्याही माहितीत असा एखादा असेल, ज्याच्याजवळ एकच गोष्ट असते आणि ती कितीदा ऐकली तरी कंटाळा येत नाही. ते आमच्या स्टेशनवर सांधे बदलणारे, झेंडी दाखवणारे पॉइंट्समन होते आणि मी नवा असिस्टंट स्टेशन मास्तर. वयानं वडील, म्हणून मी त्यांना मामा म्हणायचो. त्यांची गोष्ट होती अंदमानची. लग्नाआधी, रेल्वेत चिकटण्यापूर्वी, ते आठ महिने तिकडे राहिले होते. चुलते तिथल्या बांधकामावर गवंडी होते, त्यांच्या हाताखाली. मग वडील वारल्याचं पत्र आलं आणि ते परतले ते कायमचे.

कोणी नुसतं बेटाचं नाव काढलं, तरी ते जुन्या मालपावतीच्या पाठीवर नकाशा काढून द्यायचे. धक्क्यावर उतरायचं, उजव्या हाताचा चढ चढायचा. वर निळ्या दारांचं लाकडी घर. मालकीण एक तेलुगू म्हातारी. तिच्याकडे माडीवरची सहा नंबरची खोली मागायची, दुसरी घ्यायची नाही. नकाशात ते त्या खोलीची खिडकी काढायचे आणि खिडकीत एक छोटी खुर्ची.

"पहिल्या दिवशी बिलकुल काही बघायचं न्हाई," ते सांगायचे. नुसतं त्या खुर्चीत बसायचं. सकाळी पाणी दुधासारखं, दुपारी मोरपंखी, ऊन कललं की जांभळं. समोरच्या बेटावर पाऊस पडत असतो आणि आपण इकडे कोरडे. दुसऱ्या दिवशी तुरुंग बघावा, तिसऱ्या दिवशी होडीतून वाकून पोवळी बघावीत, पण संध्याकाळी खिडकीत हजर. हे ऐकताना रुळांपलीकडचं तुरीचं रान मला हळूहळू पाण्यासारखं हलताना दिसायचं. एकदा तर तंद्रीत मी समोरचा फोन उचलायचाच विसरलो.

मामी रोज डबा घेऊन यायच्या. नवऱ्याचं बेट त्यांना पाठ होतं आणि अजिबात पटलेलं नव्हतं. "यांचं बेट यांच्याच डोक्यात हाय," असं त्या सगळ्यांदेखत म्हणायच्या. मामा हसून सोडून द्यायचे. पण एकदा मला म्हणाले, "मास्तर, हिला एकदा त्या खिडकीत बसवायचं हाय. मंग म्हनू दे काय म्हनायचं ते." त्या दिवशी कळलं, की हे त्यांना किती लागत होतं.

अठ्ठ्याऐंशीत मी आणि बायको रेल्वेच्या पासावर मद्रासला गेलो आणि तिथून जहाजानं अंदमानला. खिशात मामांचा नकाशा. धक्का सापडला, चढही सापडला. वर मात्र बर्फाचा कारखाना होता. दारात मासळीचे खोके आणि फरशीवरून वाहणारं पाणी. समोरचा चहावाला म्हणाला, ते घर पाडून दहा वर्षं तरी झाली. आम्ही बसस्टँडजवळच्या एका लॉजवर उतरलो. तिथल्या खिडकीतून दुसऱ्या लॉजची भिंत दिसायची.

परत आलो तेव्हा मामा फलाटावर उभे. मागे डबा घेऊन मामी. माझ्या हातातली पेटी घेत त्यांनी एवढंच विचारलं, "सहा नंबर मिळाली का?"

मामी माझ्याकडे रोखून बघत होत्या. मी म्हणालो, "मिळाली."

एकदा बोलल्यावर पुढचंही बोलावं लागलं. दारांचा निळा रंग जरा उडालाय, म्हातारीची आता सून बघते सगळं, वगैरे. बायकोनं चिमटा काढला तेव्हा कुठे मी थांबलो. मामींचं टोमणे मारणं त्या दिवसापासून बंद झालं. मामा मात्र पुढचे कित्येक दिवस झेंडी जरा जास्तच उंच धरायचे.

मग ते रिटायर झाले आणि पास हातात पडल्याबरोबर दोघांनी बेटाचा बेत ठरवला. आता माझी पाचावर धारण बसली. निघायच्या आदल्या संध्याकाळी खरं सांगून टाकावं म्हणून त्यांच्या घरी गेलो. दशम्या बांधून तयार होत्या, शेंगदाण्याच्या चटणीचा वास सुटला होता. मामींनी विचारलं, "मास्तर, त्या खिडकीला गज हायेत का हो? कपडे वाळू घालायला?"

मी म्हणालो, "आहेत." चहा प्यालो आणि तोंड लपवून परत आलो.

महिन्याभरानं ते गाडीतून उतरताना दिसले. मी रजिस्टरात डोकं घालून बसलो. मामा दारात येऊन उभे राहिले.

"सहा नंबर मिळाली, मास्तर. रंग उडालाय जरा, तुम्ही म्हनले तसाच."

मागून मामी म्हणाल्या, "गजावर कपडे बराबर वाळले."

दोघांच्याही चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मी मान खाली घातली, ती त्यांची पावलं लांब जाईपर्यंत वर केली नाही.

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी मामा गेल्याचं कळलं, तेव्हा मी मामींना भेटायला गेलो. इतकी वर्षं न सांगितलेलं बोललो, माफी मागितली. त्या म्हणाल्या, मास्तरांना लाजवायचं न्हाई, हे आमचं तिथंच ठरलं होतं. मामा बर्फाच्या कारखान्यासमोर बराच वेळ उभे राहिले होते. मग त्यांनी चहावाल्याकडून दोन खुर्च्या मागून आणल्या आणि रस्त्याच्या कडेला, समुद्राकडं तोंड करून मांडल्या.

"मला म्हनले, बस. ही खिडकी. चार दिवस रोज बसलो आमी."

"दिसलं का काही?" मी विचारलं.

"सगळं दिसलं. समोरच्या बेटावर पाऊस चालू, आन् आमी कोरडे."

त्यांनी देवघराच्या फळीवरून एक घडी घातलेला कागद काढून दिला. मामांनी शेवटी कोणासाठी तरी काढलेला, द्यायचा राहून गेलेला नकाशा. मागच्या बाजूला बसस्टँडजवळच्या लॉजचं नाव नीट लिहिलं होतं आणि खाली, "मुक्काम इथं करा." पुढच्या बाजूला तोच धक्का, तोच चढ, तेच घर. सहा नंबरच्या खिडकीत आता दोन खुर्च्या होत्या.