शकुनबाईंचा खोकला

शकुनबाईंना कसलाही आजार नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पाहुणे पहिल्यांदा तेच विचारतात.

आंबागडच्या मागच्या जंगलात मी पाहुण्यांना फिरवायची जिप्सी चालवतो आणि त्या माझ्या गाडीवर गाईड आहेत. वय पंचावन्नच्या पुढे, साडीवर खाकी शर्ट. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी याच जंगलात मोहफुलं वेचली. मार्च-एप्रिलात पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो आणि माणसाच्या आधी अस्वल तिथे हजर असतं. खायला बसलं की त्याला कशाचं भान राहत नाही, पण अचानक माणूस अंगावर आला तर ते तोंड फोडून ठेवतं. म्हणून आमच्या गावच्या बाया झाडापासून चाळीस-पन्नास पावलांवर थांबतात, तीनदा जोरात खोकतात, अस्वलाला उठून जायला वेळ देतात आणि मगच टोपली खाली ठेवतात. खोकायचं काम नेहमी शकुनबाईंचं.

आता गाईडने अस्वल दाखवायचं असतं, घालवायचं नसतं. पण मोहाचं झाड दिसलं रे दिसलं की बाईंच्या घशातून खोकला आपोआप निघायचा. आमच्याकडची अस्वलं गाडीच्या आवाजाला सरावली आहेत, खोकल्याला मात्र लगेच पळतात. पाहुण्यांच्या वाट्याला काळं ढुंगण तेवढं यायचं.

महिनाभर हे चाललं. लोक माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच खोकलो. शेवटी मी वैतागलो आणि गाईडांचं काम बघणाऱ्या केशवरावांकडे तक्रार केली. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, रविवारी शेवटची संधी, त्या दिवशीही अस्वल पळवलं तर घरी बसा.

शकुनबाई गाडीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "जनमभर या जंगलात मान खाली घालून फुलं वेचली, धनंजय. आता कुठं मान वर करून पाहून राहिली. मले घरी नाही बसाचं."

मला फार वाईट वाटलं. पण तक्रार माझी होती, हे सांगायची हिंमत झाली नाही.

रविवारी नागपूरचं एक जोडपं होतं. बाईंनी गेटवरच दुपट्टा तोंडावर करकचून बांधला. नाल्याजवळच्या मोठ्या मोहाखाली अस्वल होतं, तेही पाठीवर पिल्लू घेऊन. मी इंजिन बंद केलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. फुलं ओढून खाण्याचा फुर्रफुर्र आवाज गाडीपर्यंत येत होता. पाहुणीचे डोळे आनंदाने भरून आले होते आणि माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या.

तेवढ्यात नाल्याच्या चढावरून आमच्या गावची रेणू आणि तिच्यामागे दोघीजणी टोपल्या घेऊन वर आल्या. त्या मुकाट्याने, झपझप, सरळ मोहाकडे निघाल्या. मधल्या जाड खोडामुळे त्यांना अस्वल दिसत नव्हतं.

शकुनबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुपट्टा खाली ओढला आणि अशा खोकल्या, की पाहुण्याच्या हातातला कॅमेरा हलला. रेणू जागच्या जागी थांबली. अस्वलाने मान वर केली, हवा हुंगली आणि पिल्लासकट झुडपात शिरलं.

रेणू गाडीजवळ आली. चेहरा पांढराफटक पडला होता.

"खोकली नाहीस काहून?" शकुनबाईंनी विचारलं.

"कायले खोकू? गाडीत तुमी दिसल्या. म्हटलं, मावशी खोकलीच असन."

शकुनबाईंनी दुपट्ट्याची घडी करून पिशवीत टाकली आणि मला म्हणाल्या, "केशवरावाले सांगजो, मी आता तोंड नाही बांधत. घरी बसवाचं असन तं बसवा."

मी त्याच दुपारी केशवरावांकडे गेलो, सगळं सांगितलं आणि तक्रार मागे घेतली. त्यांनी ऐकून घेतलं आणि बाईंना काढायचं नाव पुन्हा घेतलं नाही. मग मन घट्ट करून शकुनबाईंनाही सांगून टाकलं, की चुगली माझीच होती.

"मालूम हाये," त्या म्हणाल्या. "केशवरावाची बायको ललिताबाई माह्या संगंच मोह वेचत होती. तिनं तवाच सांगतलं."

आता मोहाच्या दिवसांत पहिली फेरी आमचीच असते. गावच्या बाया टोपल्या घेऊन नाल्याच्या अलीकडे बसून राहतात. पाहुणे पोटभर अस्वल बघतात. त्यांचं झालं, की मी मागे वळून म्हणतो, "मावशी, खोका." अस्वल उठून जातं आणि बाया निर्धास्तपणे झाडाखाली जातात.